दाखवायची दोरी

पोस्टिंगचा कागद हातात आला तेव्हा मला हसू आलं. वर बर्फात राहून झालं होतं, राजस्थानची वाळू खाऊन झाली होती, आणि आता फौजेने मला कुठे पाठवावं, तर माझ्याच नगर जिल्ह्यात. राहुरीच्या अंगाला एक धरण आहे, त्याच्या काठावर आमच्या रेजिमेंटचा वॉटर ट्रेनिंग कॅम्प होता. काम काय, तर शिडाच्या बोटी सांभाळायच्या. मी पारनेरचा. आमच्याकडे टँकर आला की अख्खं गाव गोळा होतं. पोहायला मला फौजेने शिकवलं, तेही शिव्या देऊन.

आज मी रिटायर्ड आहे. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी बघतो. नवी पोरं विचारतात, काका, कधी गोळीबारात सापडलात का? सापडलो. पण माझ्या डोळ्यांदेखत जो माणूस गेला तो गोळीने गेला नाही. तो एका दोरीने गेला, आणि गेला तोही आपल्याच जिल्ह्यात.

रोजचं रूटीन सांगतो. सकाळी पीटी, नाश्ता, मग बोटी पाण्यात. दुपारी बोटी बाहेर काढायच्या, धुवायच्या, दोऱ्या तपासायच्या. दोऱ्यांचं काम माझ्याकडे, कारण मी तिथला सीनियर हवालदार. स्टोअरची चावी मात्र सुभेदार साहेबांकडे. त्यांचं नाव घेत नाही. ते आता हयात नाहीत आणि त्यांची पोरंबाळं भली आहेत.

बोटीबद्दल एवढंच समजून घ्या. शीड डोलकाठीवर चढवायला एक दोरी असते, तिला आम्ही हॅलियार्ड म्हणायचो. खालून ओढली की ती डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीतून सरकते आणि शीड वर जातं. सोडली की शीड आपल्या वजनाने खाली येतं. वादळ अंगावर आलं की पहिलं काम शीड पाडायचं. शीड उभं राहिलं तर वारा बोटीला धरून आपटतो.

ही दोरी उन्हाने आणि कप्पीच्या घासण्याने झिजते. वरची साल फाटते, आतला गाभा दिसायला लागतो. तशी दिसली की बदलायची. जुनीच्या शेपटाला नवीचं टोक शिवायचं आणि जुनी ओढून घ्यायची, तिच्या मागे नवी कप्पीतून आपोआप येते. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे.

त्या उन्हाळ्यात सगळ्याच बोटींच्या दोऱ्या झिजल्या होत्या, चार नंबरच्या बोटीची सगळ्यात जास्त. नव्या दोऱ्या आल्याही होत्या. पांढऱ्याशुभ्र, मधून निळा धागा. पण त्या आल्या त्याच दिवशी सुभेदार साहेबांनी स्टोअरमधल्या लाकडी बोर्डावर चढवल्या. गोल वेटोळी करून, खाली नावाच्या पट्ट्या लावून. वार्षिक इन्स्पेक्शन जवळ आलं होतं.

सिव्हिलियन माणसाला हे कळत नाही. फौजेत प्रत्येक जवानाकडे वस्तू दोन असतात, एक वापरायची आणि एक दाखवायची. दाखवायच्या मगातून कोणी पाणी पीत नाही. दाखवायच्या चादरीवर कोणी झोपत नाही. मी स्वतः अठरा वर्षं एक टूथब्रश नुसता दाखवला. मगाच्या बाबतीत ही गंमत आहे, त्यात कोणाचं काही बिघडत नाही. सुभेदार साहेबांनी तोच कायदा दोरीला लावला.

मी जाऊन सांगितलं की चार नंबरची हॅलियार्ड संपली आहे, नवी द्या.

"औटी, नवी बोर्डावर राहणार," ते म्हणाले. "साहेब बोर्ड बघतात. डोलकाठीच्या टोकावर चढून कोणी बघत नाही. जुनीच दुरुस्त करून घ्या."

चार नंबर बोट लान्स नाईक नवनाथ ढाकणे चालवायचा. मी त्याच्या बोटीवर दुसरा माणूस. ढाकणे शेवगावच्या पुढचा, ऊसतोड कामगारांच्या घरातला. सहा महिने साखर कारखान्यावर पाचटाच्या कोपीत, सहा महिने गावात, असं त्याचं बालपण. उसाच्या गाडीला नाडा, म्हणजे जाड दोर, आवळून तो मोठा झाला होता. दोरी हातात आली की त्याची बोटं आपोआप चालायची. आमच्यात नाडा फेकत नसत्यात, असं तो नेहमी सांगायचा. झिजला की तेवढ्या जागेवर मेण लावलेला दोरा गुंडाळायचा, एकाला एक वळसा चिकटून, आणि शेवट आत दाबून टाकायचा. हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं.

दुरुस्तीचा हुकूम त्यालाच मिळाला. बाभळीखाली मांडी घालून बसला, दोरा दातात धरला आणि हॅलियार्डची फाटलेली जागा गुंडाळून काढली. काम बघत राहावं असं होतं. मी अंगठा फिरवला तर एक वळसा हलेना.

"लई पक्कं झालंय, साहेब," तो म्हणाला. "माझ्या बापानं बघितलं तरी नावं ठेवायचा न्हाई."

पक्कं होतं, पण जाड होतं. दोरीची तेवढी जागा माझ्या करंगळीएवढी फुगली होती. आम्ही शीड चढवून बघितलं. दोघांनी मिळून हिसका दिला तेव्हा ती गाठ कप्पीतून पलीकडे गेली. उतरवताना मात्र शीड येईना. जाताना दोन माणसांचं बळ होतं, येताना नुसतं कापडाचं वजन. शेवटी ढाकणे शिडाला लोंबकळला तेव्हा ते आलं.

मी पुन्हा स्टोअरमध्ये गेलो. सुभेदार साहेब बोर्डाच्या पट्ट्या फूटपट्टीने सरळ करत होते. त्यांनी विचारलं, शीड उभं राहतं ना? राहतं, पण उतरत नाही, मी म्हणालो. ते म्हणाले, उद्या दुपारपर्यंतचा प्रश्न आहे, साहेब गेले की सगळ्या दोऱ्या बदला. मला राग आला होता. पण सुभेदारापुढे हवालदाराच्या रागाला किती किंमत असते ते तुम्हाला ठाऊक असेल. मी कॅम्पच्या कॅप्टन साहेबांच्या कानावरही घातलं. ते घाईत होते, सुभेदार साहेब बघतील म्हणाले.

ढाकणेने मला एवढंच सांगितलं, "नवी निघाली की पयली माझ्या बोटीला लावा, साहेब." मी म्हणालो, तुझ्याच बोटीला, शब्द दिला.

इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी वारा नव्हता. सहा बोटी शिडं उभी करून पाण्यावर एका लाइनीत उभ्या राहिल्या. ब्रिगेडियर साहेब काठावर मंडपात येणार, आम्ही समोरून सलामी देत जाणार, असा कार्यक्रम. साहेबांना उशीर झाला. आम्ही उन्हात बसून राहिलो. बोटीवरचा रेडिओ माझ्याकडे होता.

दुपार कलायला लागली आणि पश्चिमेला डोंगरावर धूळ उठली. मे महिन्यातला वळीव आम्हा नगरकरांना सांगावा लागत नाही. ढाकणेने एकदा तिकडे बघितलं, एकदा वर कप्पीकडे. मी रेडिओ उचलला.

"कंट्रोल, चार नंबर. पश्चिमेकडून वादळ येतंय. काठाला यायची परवानगी द्या. ओव्हर."

"चार नंबर, वेट."

थोड्या वेळाने सुभेदार साहेबांचा आवाज आला. "चार नंबर, निगेटिव्ह. साहेब आत्ताच आलेत, चहा घेतायत. लाइन तोडायची नाही. आउट."

चहा. हा शब्द मी आजही विसरलेलो नाही. मंडपातली कपबशी मला बोटीवरून दिसत होती.

वारा आला तो एकदमच आला. पाणी काळं झालं. मग परवानगीची वाट कोणी बघितली नाही. बाकीच्या पाच बोटींची शिडं पडली. आमचं पडलं नाही. मी दोरी सोडली, ढाकणे शिडाला लोंबकळला, मीही लोंबकळलो. वर ती गाठ कप्पीला अडकून बसली होती. बोट आडवी झाली आणि आम्ही पाण्यात गेलो. आम्ही ती सरळ केली. शीड उभंच होतं, वाऱ्याने तिला पुन्हा आपटलं.

मग ढाकणे ओरडला की मी टोकाला जातो. बोट आडवी असल्यामुळे डोलकाठीचं टोक पाण्यावर होतं. तो पोहत तिथे गेला, चाकू काढला. शीड कप्पीला भिडलेलं, मधे दोरी कापायला जागा नव्हती, म्हणून आपणच केलेली गुंडाळी कापायला लागला. मी बोटीच्या पोटाखालच्या फळीवर सगळं वजन टाकून तिला उलटू देत नव्हतो. त्याला हाक मारत होतो, तो हात हलवत होता. नंतरची वाऱ्याची धडक मला झेपली नाही. बोट पूर्ण उलटली आणि डोलकाठी खाली गेली, टोक गाळात रुतलं. चाकूची दोरी त्याच्या मनगटाला बांधलेली होती, आमच्याकडे तसाच नियम होता. ती कप्पीत गुंतली. मी बुडी मारली, पुन्हा मारली. माझं लाइफ जॅकेट मला खाली जाऊ देत नव्हतं, ते काढून फेकलं, तरी त्या गढूळ पाण्यात मला माझा हात दिसत नव्हता. रेस्क्यू बोट आली तोवर फार उशीर झाला होता.

त्याला वर काढलं तेव्हा गुंडाळीचे थोडे वळसे कापलेले होते, बाकीचे जसेच्या तसे. त्याने काम कच्चं केलं असतं तर गुंडाळी हिसक्यासरशी सुटली असती आणि शीड पडलं असतं. हे मला तेव्हाच समजलं आणि तेव्हापासून मला ते सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची शवपेटी गाडीत चढवली. गाडी शेवगावच्या पुढे त्याच्या गावी जाणार, रस्ता खराब, पेटी बांधायला हवी. स्टोअरमधल्या जुन्या दोऱ्या मळक्या होत्या. तिरंग्यावर बरं दिसणार नाही, असं सुभेदार साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने बोर्डावरची नवी दोरी उतरवली आणि माझ्याकडे दिली. चार नंबरची होती, खाली पट्टी होती. मी त्याला दिलेला शब्द असा पाळला. पेटी मीच बांधली.

गावात लोक जमले होते. सलामी झाली. मग सुभेदार साहेब सरपंचाला मोठ्याने सांगायला लागले की पोरगा हुशार होता, पण काय करणार, दोरीचं काम त्याच्या हातून कच्चं राहिलं, ऐन वेळी सुटली. त्याचा बाप तिथेच उभा होता, पटका हातात घेऊन. त्याने मान वर केली. रडून डोळे सुजले होते, तरी त्या शब्दासरशी त्याचा चेहरा पडलेला मी बघितला. पोरगा मेला ते मेला, वर चारचौघांत त्याच्या हाताला बट्टा लावला.

"साहेब, दोरी सुटलेली नाही," मी म्हणालो.

सुभेदार साहेब म्हणाले, औटी, गाडीत बसा. मी बसलो नाही. पुढे चौकशीतही मी हेच सांगितलं. शेवटी सगळं हवामानावर गेलं आणि मी बदलीवर ईशान्येला गेलो. त्याचं मला काही वाटत नाही.

त्या दिवशी त्याच्या बापाने मला गोठ्याकडे बाजूला नेलं. पेटीची दोरी सोडून त्याने नीट गुंडाळून खांद्याला घातली होती.

"खरं सांगा. माझ्या पोराचा दोरा सुटला का?"

"नाही बाबा. शेवटपर्यंत सुटला नाही."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला. "सुटायचा न्हाईच तो. मीच शिकवलाय त्याला." आणि मग तो खाली बसून ढसाढसा रडला. पुढचं मी त्याला सांगू शकलो नाही. काय म्हणून सांगणार होतो?

दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला, ते तोडीला निघायच्या आधी, मी त्याच्या घरी जातो. म्हातारा आता वाकलाय, पण उसाची गाडी अजून स्वतः बांधतो, त्याच पांढऱ्या दोरीने. गेल्या वेळी ती आणून माझ्या मांडीवर ठेवली. मधे एका जागी झिजली होती. तिथे त्याने मेणाचा दोरा गुंडाळला होता, एकाला एक वळसा चिकटून, शेवट आत दाबलेला.

"बघा साहेब," म्हातारा म्हणाला, "आमचा नवनाथ असंच करायचा."

मी अंगठा फिरवला. एक वळसा हलला नाही.

"पक्कं आहे, बाबा," मी म्हणालो.