साहेबाला हसवणारी चिठ्ठी

निजामाच्या राज्यात, बेज्जूरकडच्या जंगलखात्यात मी कारकून होतो. दफ्तर सगळं उर्दूत. पण आमचा इंग्रज साहेब हिंदुस्तानी बोलायचा, उर्दू वाचायचा नाही. म्हणून रुखसतीच्या, म्हणजे रजेच्या, चिठ्ठ्या सगळ्यांच्या वतीनं मी इंग्रजीत लिहायचो.

नुसतं 'आजारी' लिहिलं की साहेब कंटाळायचा. शब्द त्यानंच शिकवले. अंगात कसकस असेल तर 'अंडर द वेदर', तोंड उतरलं असेल तर 'ऑफ कलर'. पोट वाहू लागलं की 'ट्रॉट्स', घोड्याच्या दुडक्या चालीवरून. हा शब्द मडमेसमोर काढायचा नाही, असं डोळा मिचकावून सांगितलं होतं. न्याहारीच्या वेळी चिठ्ठ्या वाचून तो हसे आणि मला आत बोलावून चहा देई. बाकीचे अंगणात उभे असत. त्या चहासाठी मी चालता चालता शब्द घोकायचो.

एका उन्हाळ्यात, उजाडताच, आमच्या एका जंगल-जवानाची बायको धावत आली.

"भाऊ, कालपासून पाण्यावानी होऊन राह्यलं त्याले. हातपाय गार पडले. साहेबाले लिवा, मोटार द्या मनावं. दवाखान्यात नेतो."

"मोहाची जास्त झाली असेल."

"चेष्टा नोका करू, भाऊ. डोळे खोल गेले त्याचे."

मी ऐकलं. तरी लिहिलं, की आपला जवान सकाळपासून घोड्याशिवायच दुडकी पळतो आहे, सरकारी मोटार पाठवल्यास कदाचित त्याला गाठता येईल.

साहेब खो खो हसला. "छाछ पिलाओ उसको! दो दिन रुखसत." मला चहा मिळाला. मी तो प्यालो.

बाहेर ती उभीच होती. "साहेब काऊन हासला, भाऊ?"

"मोटार बिघडली आहे म्हणाला. ताक पाज त्याला."

मोटार तिच्या मागेच उभी होती, नुकती धुतलेली. तिनं वळून पाहिलं आणि ती निघाली.

दुपार कलायच्या आत जवान गेला. पटकी होती.

साहेबानं बोलावलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुमको मालूम था?"

"नाही साहेब. बाईनंच किरकोळ म्हणून सांगितलं."

मग चौकशीच्या कागदावर मीच तिचा जबाब लिहिला: दुखणं हलकं वाटलं, खबर द्यायला उशीर झाला. अंगठा घेताना तिनं विचारलं, काय लिवलं? म्हटलं, तुझा नवरा इमानदार होता असं लिहिलंय.

"व्हताच तो," ती म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.

कागदाची गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. नवरा मरत होता आणि ही बसून राहिली, असं सासरचे बोलू लागले. लेकरांना घेऊन ती माहेरी गेली. मला सगळं कळत होतं. खरं सांगायला मी एकदाही गेलो नाही.

ती लेकरं आता म्हातारी झाली असतील. त्यांनीही हेच ऐकलं असेल. तुमच्या आईनं उशीर केला नव्हता. ती वेळेवर आली होती आणि सगळं नीट सांगितलं होतं.