उष्टा हात

शुक्रवारी दुपारी चिंचवडच्या नाट्यगृहासमोर बस थांबली, तेव्हा सुभद्राबाईंच्या मांडीवरचा डबा अजून कोमट होता. चिखलीहून इथवर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून आणला होता, लग्नात करवली कऱ्हा धरते तसा. डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी आणि पिठलं. कुणाच्या भुकेसाठी नव्हे, नाटकासाठी.

दारातल्या फळ्यावर व्यवस्थापक शेखर खडूनं लिहीत होता. शुक्रवार दुपारी तीन, 'पत्ता बदलला आहे', रंगीत तालीम, फक्त निमंत्रितांसाठी. शनिवार संध्याकाळी साडेपाच, त्याच नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग. रविवार दुपारी साडेबारा, 'सेकंड शिफ्ट', प्रयोग तीनशे चाळिसावा आणि शेवटचा.

'शेवटचा' हा शब्द त्यानं चांगला ठसठशीत काढला होता. सुभद्राबाईंनी तो वाचला आणि डबा उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"काय मावशी, एकाच मांडवात बारसं आणि तेरावं," शेखर म्हणाला.

"तोंड सांभाळ. तेरावं कुणाचं घालू लागलास? माणसं जितीजागती हायत अजून."

सुभद्राबाई मूळच्या परांड्याकडच्या. नवरा ज्योतीराम फाउंड्रीत लागला म्हणून इकडे आल्या, आणि चिखलीत त्यांनी चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांसाठी खानावळ काढली. त्या खानावळीत दौलतराव जेवायला यायचे. आठवडाभर आकुर्डीच्या कारखान्यात नोकरी आणि शनिवार-रविवार नाटक, असा त्यांचा संसार होता. एकदा त्यांनी ताटावरच सांगितलं, "मावशी, आमच्या नाटकात जेवणाचा प्रवेश आहे. हॉटेलातून चपाती मागवतात. मी स्टेजवर रबर चावतो आणि लोक मला नट म्हणतात."

सुभद्राबाई एका प्रयोगापुरत्या भाकरी घेऊन गेल्या. त्याला चौदा वर्षं झाली.

नाटकातलं जेवण वेगळं असतं, हे त्या तिथंच शिकल्या. भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, म्हणजे ती मऊ राहते. तोडताना शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे आणि तोंडात गेल्यावर संवाद अडता कामा नये. पिठलं घट्ट, कपड्यावर ओघळणार नाही असं. मोहरी नाही, ती दातात बसते. मिरची तर नाहीच. चौथ्या प्रयोगाला चुकून मिरची पडली होती आणि दौलतरावांना ऐन प्रवेशात ठसका लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. प्रेक्षकांनी ते रडणं समजून टाळ्या वाजवल्या, आणि दौलतराव आत येऊन म्हणाले, "मावशी, आजचा अभिनय तुमचा."

तेव्हापासून पिठलं अगदी बिनमिरचीचं.

एकच गोष्ट मात्र त्यांना कधी पचली नाही. 'सेकंड शिफ्ट' म्हणजे कंपनी बंद पडलेल्या कामगाराची गोष्ट. तो ते घरी सांगत नाही, रोज डबा घेऊन बाहेर पडतो. शेवटी बायको जेवायला वाढता वाढता विचारते आणि तो भरल्या ताटावरून उठून जातो. पडदा. अर्धी मोडलेली भाकरी आत यायची आणि सुभद्राबाईंना दर वेळी बोचायचं. खानावळीत कुणी असं उठलं तर त्या विचारायच्या, बाबा, काय चुकलं? इथं विचारायची सोय नव्हती. उठवणारा लेखक होता.

आता खानावळही बंद झाली होती, गुडघ्यांनी संप केला होता. उरलं होतं ते हे नाटक. रविवारी तेही संपणार. म्हणून नव्या नाटकात जेवणाचा प्रवेश आहे असा शेखरचा फोन आला, तेव्हा त्या आठवडाभर हवेत होत्या. ज्योतीराम म्हणाला होता, "तुझ्या भाकरीला दुसरं काम मिळालं म्हण की."

त्या सराईतपणे मंचावर गेल्या, ताटाची जागा पाहिली आणि डबा उघडला.

"मावशी, थांबा जरा." दिग्दर्शिका विजयश्री प्रेक्षागृहातून वर आली. तिशीतली, हळू बोलणारी पोर. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? आपल्या नाटकात ताट रिकामंच राहणार आहे."

"रिकामं म्हंजे? जेवायचंय ना?"

"जेवायचंय. पण अन्न दिसायचं नाही. प्रेक्षकांनी ते स्वतः बघायचं."

शेखरनं संहितेत 'जेवते' एवढंच वाचून फोन केला होता. तो विंगेतल्या दोरीकडे बघू लागला. सुभद्राबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "चुकी कुणाची नाई," त्या म्हणाल्या, "मीच पुढं पुढं केलं." पण झाकण लावताना त्यांच्या मनात स्वच्छ उमटलं, की रविवारनंतर या दारातून आत यायला आपल्याजवळ काही कारण उरत नाही.

हात मोकळे होते, म्हणून चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या समोर, खुर्चीत बसल्या.

तालीम सुरू झाली. नायिका आम्रपाली पिंपरीची, बँकेत नोकरी करणारी, आवाजाची श्रीमंत. मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी आई ती करत होती. नाटक चांगलं चाललं. मग तिनं रिकामं ताट घेतलं, हवेतले घास तोंडात घातले. फोन वाजला, परदेशातून मुलाचा. मी आता परत येणार नाही, असं तो सांगतो. आम्रपालीनं फोन उचलला, कानाला लावला, केस मागे सारले, हुंदका दिला. मागच्या रांगेत कुणीतरी पेपरमिंटचा कागद सोलला. तो आवाज सगळ्यांना ऐकू आला, म्हणजे प्रवेश पडला होता.

निमंत्रित मंडळी गेली. जाताना प्रत्येकानं तेच सांगितलं. बाकी छान, जेवणाचं तेवढं बघा. रंगपटात आम्रपाली आरशाकडे पाठ करून बसली होती.

"तो प्रवेश काढूनच टाकू," विजयश्री म्हणाली. मग दाराशी उभ्या असलेल्या सुभद्राबाईंकडे तिचं लक्ष गेलं. "की खरं जेवण ठेवू? मावशी, मीच हट्ट केला. उद्या भाकरी आणाल का?"

हेच तर हवं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं, पुढची चौदा वर्षं त्या एका शब्दात होती. पण त्या चुलीपुढं म्हाताऱ्या झालेल्या बाई होत्या. चांगल्या पदार्थाला नावं ठेवणं त्यांना जमत नसे, मग तो दुसऱ्याचा का असेना.

"ताटाची काय चूक नाई बाई," त्या म्हणाल्या. "हात चुकला."

आम्रपालीनं मान वर केली. "हात?"

"सकाळधरनं काय खाल्लंस?"

"पहिल्या प्रयोगाआधी मला जात नाही काही."

"मग तुला घास आठवणार कुठनं?" सुभद्राबाईंनी नाटकातलंच ताट घेऊन त्यात भाकरी-पिठलं वाढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. "आधी जेव. मेकअप मरू दे."

आम्रपाली जेवू लागली. पहिला घास संकोचाचा, दुसरा भुकेचा. सुभद्राबाई समोर स्टुलावर बसून तिचा हात बघत होत्या, बाकी कशाकडेही नाही. तिसऱ्या घासाला त्या म्हणाल्या, "तुझे केस आलेत बघ तोंडावर."

आम्रपालीनं डाव्या मनगटानं केस मागे सारले.

"का गं? मघाशी स्टेजवर तर उजव्यानं सारलेस."

"उजवा उष्टा आहे ना, मावशी..." म्हणता म्हणता ती थांबली. पिठल्यानं भरलेल्या बोटांकडे बघत राहिली.

"फोनबी त्याच हातानं उचललास," सुभद्राबाई म्हणाल्या. "समोर बसल्याल्या बाया हायत बाई. भाकरी नसली तर चालतंय त्यांना. उष्ट्या हातानं केसाला हात लावलास की त्या उठल्या तुझ्या घरातनं."

विजयश्री दाराला टेकून ऐकत होती. तिनं पुढं होऊन ताट काढून घेतलं, धुतलं आणि रिकामं पुन्हा पुढं ठेवलं. "परत कर," ती म्हणाली. रात्री आठपर्यंत रंगपटात आम्रपाली हवेतली भाकरी मोडत होती आणि सुभद्राबाई सांगत होत्या, कड निबर असती, तिला अंगठा दे. गिळल्याबिगर बोलू नको.

शनिवारी नटराजापुढं नारळ फुटला, कापूर लागला. विजयश्रीनं सुभद्राबाईंना तिसऱ्या रांगेत बसवलं. "आज विंगेत नको. तिथून बघा आणि मग मला सांगा." तिसरी घंटा झाली आणि पडदा वर जाताना येणारा लाकडाचा, रंगाचा थंड वास त्यांना समोरून आला.

जेवणाचा प्रवेश आला. आम्रपालीनं भाकरीची कड अंगठ्यानं दाबून मोडली. शेजारची बाई थोडी पुढं झुकली. फोन वाजला. आम्रपालीचा उजवा हात उठला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि डाव्या हातानं तिनं फोन उचलला. उजवा हात अंगापासून लांब, बोटं फाकवून, तसाच अधांतरी. पलीकडून मुलगा बोलत होता. ती नुसतं "बरं" म्हणत होती. फोन ठेवला तरी हात तसाच. ना ती जेवत होती, ना उठत होती. नऊशे माणसांसमोर त्या रिकाम्या हातावर नसलेलं पिठलं वाळत चाललं होतं.

शेजारची बाई अगदी स्वतःशी बोलल्यासारखी पुटपुटली, "हात धू गं बाई."

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. मध्यंतराचा पडदा पडला आणि टाळ्या सुरू व्हायला थोडा वेळ लागला. चांगला प्रयोग असाच असतो; लोकांना त्या घरातून बाहेर यायला वेळ लागतो.

प्रयोगानंतर विजयश्रीला हारतुऱ्यांनी वेढलं होतं. सुभद्राबाईंनी लांबूनच हात हलवला आणि बस पकडली. "कसं झालं?" ज्योतीरामनं विचारलं. "झाक," त्या म्हणाल्या आणि उद्याचं पीठ चाळायला बसल्या. रिकाम्या ताटानं त्यांचं काम इतकं चोख केलं होतं, की आता तिथं भाकरीची गरजच नव्हती. ही गोष्ट त्यांना एकाच वेळी सुखवत होती आणि खुपत होती.

रविवारी सकाळी त्यांनी दोन भाकऱ्या थापल्या, मऊ, नाटकाच्या. बिनमिरचीचं पिठलं केलं. आणि मग, चौदा वर्षांत कधी नव्हे ते, एका छोट्या डबीत हिरव्या मिरचीचा ठेचा घातला.

शेवटच्या प्रयोगाला जुनी माणसं आली होती. आकुर्डीच्या कारखान्यातले दौलतरावांचे निवृत्त मित्र अख्खी एक रांग अडवून बसले होते. संवाद आधीच पाठ असल्यासारखे ते ओठ हलवत होते. शेवटचा प्रवेश आला, दौलतराव ताटावर बसले. सुभद्राबाई आपल्या जागी, विंगेत. त्यांनी घास मोजले. सातव्या घासाला बायकोनं विचारलं, आणि तीनशे चाळिसाव्यांदा दौलतराव भरल्या ताटावरून उठले. पडदा.

टाळ्या बराच वेळ चालल्या. दोनदा पडदा वर गेला, तिसऱ्यांदा दौलतरावांनी हात जोडून नको म्हटलं. मग सेटवाल्यांनी भिंती सोडायला घेतल्या. टेम्पो मागच्या दाराला लागला होता. सुभद्राबाई ताट उचलायला वाकल्या.

"हात लावू नका त्याला." दौलतराव परत आले होते, रंग न उतरवता. भिंती गेलेल्या त्या घरात त्यांनी पुन्हा मांडी घातली. "चौदा वर्षं तुमच्या ताटावरून उठलो, मावशी. आज लेखक गेला घरी. आज पुरं जेवणार."

"थांबा मग." सुभद्राबाईंनी पिशवीतून डबी काढली. "ह्ये घ्या."

"ठेचा? तुम्ही? नियम मोडला?"

"आता कुठं संवाद हाय तुम्हाला."

दौलतरावांनी पहिला घास घेतला आणि त्यांना सणसणीत ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, रंग ओघळला. सेटवाले हसले. दौलतरावही हसत होते, डोळे मात्र पुसत नव्हते. आजच्या पाण्यात ठेच्याचा वाटा किती, हे सुभद्राबाईंनी विचारलं नाही. त्यांनी तांब्या पुढं केला. ताट चाटूनपुसून रिकामं झालं, तेव्हा त्यांनी ते विसळलं, पदरानं पुसलं आणि पिशवीत घातलं.

"ते ताट कुठं नेताय?" मागून आवाज आला. आम्रपाली होती, बरोबर विजयश्री. दोघीही प्रयोग बघायला आल्या होत्या. "पुढच्या शनिवारी प्रयोग आहे, साडेपाचला. मला जेवायला किती वाजता देणार?"

"तुझं ताट रिकामं असतंय की गं."

"ताट रिकामं असतं," विजयश्री म्हणाली. "हिला मात्र आधी भरपेट वाढायचं. ते आमच्यात कुणाला येत नाही. काल प्रयोगानंतर तुम्हाला शोधत होते, तुम्ही आधीच बस पकडलीत."

सुभद्राबाईंनी ताट पिशवीतून बाहेर काढलं, थोडा विचार केला आणि शेखरच्या हातात दिलं.

"कपाटात ठेव," त्या म्हणाल्या. "आन आम्रपाली, तीनला ये. उशीर केलास तर भाकरी गार मिळंल. आन तुझ्या पिठल्यात मिरची असंल, आधीच सांगून ठेवते."