बेटावरचा परवाना आणि चामराजपेटचं हळदीकुंकू

आधी माफी मागते. माझं शिक्षण निपाणीकडच्या गावात मराठी चौथीपर्यंत झालं. अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. दिवाळी अंकांत निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी आवडीने वाचते. मी अधिकारी नव्हते, होमगार्ड होते. चामराजपेटच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात माझी ड्युटी असे. एखादी बाई चौकशीला आणली की तिची झडती घेणं, तिच्याजवळ बसणं, तिला पाणी देणं हे माझं काम. कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण एक प्रकरण अजून मनातून जात नाही, ते वहीत उतरवून ठेवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बेंगळुरात चौकाचौकात इंटरनेटच्या पाट्या लागू लागल्या होत्या, पण ते नक्की काय असतं हे आमच्या ठाण्यात फार थोड्यांना माहीत होतं. आमचे इन्स्पेक्टर साहेब बेळगावकडचे. सगळ्यांशी कन्नडमध्ये बोलत, माझ्याशी मराठीत. सकाळी हजेरी झाली की कडक कॉफी घेत आणि बीटवरच्या पोलिसांना विचारत, "काय नवीन?" चोरीमारी नको, गल्लीत काय वेगळं दिसलं तेवढं सांगा, असा त्यांचा आग्रह असे.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी बीटच्या हवालदारांनी हसत सांगितलं, "मार्केटची फूलवाली म्हणते, एका घरात रोज लग्न आहे काय? दर मंगळवारी, शुक्रवारी टोपलीभर गजरे जातात."

"कुठल्या घरात?"

"वरच्या मजल्यावर नवीन मराठी जोडपं आलंय, त्यांच्याकडे. हळदीकुंकू असतं म्हणे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो बाई, तुमच्यात एका घरात किती वेळा हळदीकुंकू करतात?"

मी चाचरत म्हटलं, "एकदाच, साहेब. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी, पण एकदाच."

"मग पुढच्या शुक्रवारी साडी नेसून जा. आमंत्रण लागतं का?"

"हळदीकुंकवाला आलेल्या बाईला कुणी परत पाठवत नाही, साहेब."

मी गेले. घरात चपलांचा ढीग होता. यजमानीणबाई तरुण, गोड बोलणारी, पुण्याकडची. अत्तर लावलं, हलवा दिला आणि वाण म्हणून प्लॅस्टिकची छोटी डबी हातात ठेवली. डबीत चकचकीत कार्ड होतं, इंग्रजीत छापलेलं, वर लाल रंगात सात आकडा. मी घ्यायला संकोचले तर म्हणाली, "घ्या हो, वाणाला नाही म्हणू नये. यावर एक खेळ फुकट आहे."

आतल्या खोलीत तिचा नवरा कॉम्प्युटरपुढे बसला होता. पडद्यावर आकड्यांचं, जुगाराचं चाक फिरत होतं. बायका त्याच्या पाठीशी दाटीने उभ्या होत्या.

"माझा एकवीस लावा!"

"अगं, तुझा एकवीस मेला काय कधी येतोय, नवऱ्यासारखा उशिराच येणार!"

सगळ्या हसल्या. तिथेच मला एक ओळखीची बाई दिसली. तिला गल्लीत सगळे अक्काच म्हणत. नवरा मार्केटमध्ये शिंपी, ही घरी साड्यांना फॉल-पिको करी. ती हसत नव्हती. मला जिन्यात गाठून म्हणाली, "तू इथं कशी? पैसे लावू नको हं. पहिला खेळ फुकट, मग सभासद व्हायला पैसे, जिंकलेले डॉलर काढायला आणखी पैसे. मुलीचं नर्सिंगला नाव घालायचंय. तिच्या फीचे साठवलेले सगळे घातले मी. ह्यांना माहीतही नाही."

"डॉलर मिळाले?"

"पडद्यावर मिळाले."

मी परत येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी त्या गृहस्थाला चौकशीला बोलावलं. तो घाबरेल असं मला वाटलं होतं, पण तो इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल घेऊन आला आणि न सांगता खुर्चीवर बसला.

"सर, हा कंपनीचा परवाना. परदेशातल्या एका बेटावरच्या सरकारचा शिक्का बघा. कंपनी तिथली, मशीन तिथलं, खेळ तिथं होतो. मी इथं फक्त जाहिरात करतो. साबणाची करतात तशी."

"साबण विकायला बंदी नाही," साहेब म्हणाले.

"यालाही सगळीकडे नाही, सर. काही देशांत रस्त्यावर बोर्ड लावतात. काही देशांत खेळ चालतो पण जाहिरात चालत नाही. काही ठिकाणी दोन्ही नाही. इथं कॉम्प्युटरवरच्या खेळाला बंदी आहे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय, दाखवा. आणि आपल्याकडे सरकारच लॉटरी विकतं की!"

साहेबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि सरकारी वकिलांकडे गेले. आले ते कपाळाला आठ्या घालून. वकिलांचं म्हणणं, परवाना ज्या देशाचा त्याच देशापुरता. इथल्या लोकांना बोलावून, इथे पैसे घेऊन खेळवलं तर तो इथला जुगार. पण आपला कायदा पत्त्यांच्या आणि फाशांच्या काळातला. खेळ परदेशात झाला असं तो म्हणणार, कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालेल, आणि तोवर एकही बाई साक्षीला उभी राहणार नाही.

तो मात्र चौकशीतून सुटून आल्यावर जास्तच जोरात आला. पोलिसांनीसुद्धा कागद बघून सोडलं, असं बायकांना सांगू लागला. अक्का एका संध्याकाळी माझ्या दारात आली. "कॉलेजात पैसे भरायचे दिवस जवळ येतायत. ह्यांना काय सांगू? पोरगीला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला समोर बसवलं. मला त्यांच्यासमोर बोलायला नेहमी भीती वाटे. विचारलं तेवढंच सांगायची. ते म्हणाले, "घाबरू नका. जिना चढलात तिथपासून सांगा. कामाचं काय आणि बिनकामाचं काय ते मी ठरवतो. स्वल्प सावकाश."

मी चपलांपासून सांगत गेले. गजरे, अत्तर, डबी, एकवीस आकड्याची चेष्टा. "चाक फिरत होतं, तेवढ्यात टेलिफोन वाजला. बाईंनी उचलला. बहिणीचा होता. मुलाच्या मुंजीचं बोलत बसल्या, म्हणून अक्काला मला जिन्यात गाठता आलं."

साहेबांचा कप हातातच राहिला. "चाक फिरताना फोन वाजला? घरात फोन किती?"

"एकच दिसला. बाहेरच्या खोलीत."

ते मोठ्याने हसले. मला कळेना काय विनोद झाला. मग म्हणाले, "कमिशनर ऑफिसात मागच्या महिन्यात इंटरनेट घेतलंय. ते चालू असताना कुणी फोनला हात लावला की तिथला क्लार्क अंगावर येतो, लाइन तुटते म्हणून. टेलिफोनच्या तारेतूनच ते जातं. ते चालू असेल तोवर बाहेरून फोन लागत नाही. मग त्याचं चाक बेटावर फिरत असताना बहिणीचा फोन आला कसा?"

साहेबांनी टेलिफोन एक्स्चेंजमधून खात्री करून घेतली. त्या घरात एकच लाइन होती. पुढच्या मंगळवारी वॉरंट घेऊन, दोन पंच घेऊन आम्ही निघालो. एक हवालदार कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये उभा राहिला. आम्ही आत शिरलो तेव्हा चाक फिरत होतं. बायका किंचाळल्या. तो गृहस्थ शांतपणे फाईल काढू लागला.

"फाईल राहू दे," साहेब म्हणाले. "हा खेळ आता कुठे चाललाय?"

"बेटावर, सर. थेट."

"पंच, ऐकलंत? लिहून घ्या."

खिडकीतून बूथकडे खूण झाली आणि बाहेरच्या खोलीत फोन खणखणू लागला. चाक फिरतच होतं. साहेबांनी स्वतः रिसीव्हर उचलला. "हां, हवालदार, स्पष्ट ऐकू येतंय." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुमचं बेट चामराजपेटातच दिसतंय."

तो खुर्चीत बसला तो उठेना.

ठाण्यात त्याने तोंड उघडलं नाही. त्याच्या बायकोला माझ्याजवळ बसवलं होतं. मी काही विचारलं नाही, तसा मला अधिकारच नव्हता. चहा दिला. तिने तो घेतला आणि रडायला लागली. "सुरुवातीला खरंच कंपनीचं काम होतं हो. माणसं मिळवून दिली की कमिशन. पण पैसे तिकडे पाठवायचे कसे? बँक डॉलर देईना. कंपनीने पत्रं बंद केली. मग ह्यांनी इंटरनेटशिवाय चालणारा सरावाचा खेळ मशीनमध्ये भरून घेतला. पैसे कुठे गेलेच नाहीत. काही कपाटात आहेत, काही घरभाड्यात गेले." मग म्हणाली, "हळदीकुंकवाची कल्पना माझी. बायका वाणाला नाही म्हणत नाहीत, हे मला माहीत होतं."

हाच जबाब तिने साहेबांपुढे दिला. जुगाराच्या कलमाबरोबर फसवणुकीचं कलम लागलं. कपाटातली रोकड मुद्देमाल म्हणून जप्त झाली. पण साहेब म्हणाले, "हे पैसे ज्यांचे त्यांना कोर्टातून मिळतील, पण कुणीतरी फिर्याद द्यायला हवी." बायका खाली माना घालून उभ्या. कुणाला सासूची भीती, कुणाला नवऱ्याची.

अक्का पुढे आली. "मी देते. पण आधी ह्यांना बोलवा. दुसऱ्याकडून कळायला नको."

शिंपीअण्णा गळ्यात टेप तशीच घेऊन धावत आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साठवत होतीस ते सांगितलं नाहीस. घालवलंस ते सांगायला पोलीस स्टेशनात बोलावलंस!" अक्काने पदर तोंडाला लावला. मग ते साहेबांना म्हणाले, "सरी, बरं, लिहा साहेब. तिच्याखाली माझीही सही घ्या." ते बघून मागच्या दोघीतिघी पुढे सरकल्या.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते थोडकंच आहे. माणूस कागदाला फसत नाही, कागद ज्या हातातून येतो त्या हाताला फसतो. बेटावरच्या सरकारचा शिक्का आमच्या बायकांनी पाहिलाही नव्हता. त्यांनी कुंकू लावणारी बाई पाहिली. आणि एका देशात चालतं म्हणून दुसऱ्या देशात माणसं गोळा करायला निघालेला माणूस पहिल्यापासून चोर असतोच असं नाही. कमिशन थांबल्यावर तो पुढे काय करतो तिथे कळतं. आता तसलं सगळं प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवर आलंय. जाहिरात कुठून येते, पैसे कुठे जातात, काही पत्ता लागत नाही. ते दिवस आठवले की वाटतं, आमच्या वेळी निदान फोन वाजायचा. साहेब आता नाहीत. त्यांच्यासारखं "सावकाश सांगा" म्हणणारं नंतर कुणी भेटलं नाही.

खटला चालू असतानाच कोर्टाच्या हुकुमाने जप्त रोकड फिर्यादींमध्ये वाटली गेली. अक्काच्या वाट्याला निम्म्याहून थोडी जास्त आली. उरलेले शिंपीअण्णांनी उसने आणले आणि मुलीचं नाव नर्सिंगला लागलं. तो गृहस्थ शिक्षा भोगून कुठे गेला कळलं नाही. बायको मात्र इथेच राहिली. जयनगरला एका दुकानात कामाला लागली आणि दर पगाराला थोडे थोडे पैसे घेऊन अक्काच्या दारात येई. बाहेरच उभी राही. सुरुवातीला अक्का एक शब्द बोलत नसे, मग बस म्हणू लागली.

शेवटचा हप्ता घेऊन ती आली तेव्हा मी अक्काकडेच होते. मुलगी तोवर हॉस्पिटलात नोकरीला लागली होती. ती म्हणाली, "आई, राहू दे गं आता. त्यांचीच ओढाताण आहे."

अक्काने शिलाईचं मशीन थांबवलं. "नाही. सोडले तर जन्मभर हिला आपल्यापुढे मान खाली घालावी लागेल." मग त्या बाईकडे वळून हात पुढे केला. "आण इकडे."

तिने नोटा दिल्या. अक्काने त्या मोजल्या आणि म्हणाली, "झाले. फिटले सगळे."