नदीपर्यंत आणलेला जान्या

कल्पना करा, की तुम्हाला एका माणसाला वाटेला लावायचं आहे. माणूस दिसत नाही. समोर अंधार आहे, अंधारात अनोळखी माणसं बसली आहेत आणि त्यांतल्या एकालाही तुमची बोली येत नाही. तुम्ही मांडी घालून बसता. पुढ्यात काशाची थाळी. तिच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली एक बारीक काडी. बोटांना मेण लावायचं, काडी चिमटीत धरायची आणि वरून खाली ओढायची, पुन्हा वरून खाली, मध्ये खंड पडू न देता. हळूहळू थाळी घुमायला लागते. तो आवाज कानापेक्षा दातांत जास्त जाणवतो. मग त्या आवाजावर तुम्ही एक नाव घेता आणि त्या नावाला सांगता, ऊठ. चल. हा डोंगर सोड, तो धर. चालत राहा, पुढे नदी आहे.

एस्तेर गावित हा सगळा हिवाळा हेच करत होती, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात, एका जुन्या गोदामाच्या नाट्यगृहात.

मूळची ती नवापूरच्या पलीकडच्या, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका पाड्यावरची. बाप योहान चर्चमधला भरवशाचा माणूस. रविवारी पेटी वाजवायचा, एरवी भाताची शेती आणि मजुरी. नंदुरबारच्या कॉलेजात एस्तेरने एकांकिकेत मुक्या बाईचं काम केलं आणि बक्षीस घेऊन आली. तिथून पुणे, पुण्यात एका शिबिरासाठी निवड आणि तिथून परदेश. त्या गोदामाची मालकीण दिलारा ही इस्तंबूलहून आलेली नाटककार. तीही परक्या गावात स्वतःच्या भाषेत लिहिणारी. ती एस्तेरला म्हणाली होती, "तू तुझ्या घरच्या बोलीत बोल. अर्थ मी भिंतीवर दाखवीन. लोकांना वाचायचा कंटाळा आला की ते तुझ्याकडे बघतील."

आणि लोक बघत राहिले. 'वाट' या एकपात्री नाटकाने एस्तेरचं नाव केलं. आता उन्हाळ्यात सात-आठ शहरांचा दौरा ठरत होता. दिलाराची अट एकच होती. नाटक नदीवर येऊन तुटतं, त्याला शेवट हवा. म्हणून फेब्रुवारी संपता संपता एस्तेर गावी आली. शेवट आणायला.

आधी नंदुरबारला उतरली, कारण कॉलेजने सत्कार ठेवला होता. बाजारात मिरची वाळत होती आणि अख्खं गाव ठसकत होतं. रिक्षावाल्याने गळ्यातला हार बघून विचारलं, "ताई, टीव्हीमा काम करतस का तुम्ही?"

"नाही, नाटकात. जर्मनीत."

"तठे तुमनं बोलनं कोनले समजस?"

"कोणालाच नाही."

"मंग मन्ही बायकोले बी लई जा," तो म्हणाला. "तिन्हं बोलनं बी घरमा कोनी ऐकत नही."

एस्तेर स्टेशनपर्यंत हसत होती. त्यानंतर त्या मुक्कामात तिला मोकळं हसू आलं नाही.

घरी बापाने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. जेवताना तो एवढंच बोलला, "मोठाबाकडे जायचं तर जा. पण त्याची थाळी आपल्या उंबऱ्याच्या आत आणायची नाही."

मोठाबा म्हणजे योहानचा मोठा भाऊ फत्तेसिंग. योहानने बाप्तिस्मा घेतला, फत्तेसिंगने घेतला नाही. तो राहिला कथकरी. पाड्यावर कुणी गेलं की दिवसकार्याला थाळी घेऊन बसायचं आणि गेलेल्या माणसाला कथा सांगत सांगत पार पोचवायचं, हे त्याचं काम. लहानपणी एस्तेर चोरून त्याच्याकडे पळायची. पुढे त्यानेच तिला कथा शिकवली, पण नदीपर्यंतच. "पुढचं मढ्याच्या घरी," तो म्हणायचा. "मढं नसताना शेवट म्हटला, तर शेवट माणूस शोधत फिरतो. माझा बाप म्हणायचा. खरं-खोटं बापाला माहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फत्तेसिंग अंगणात खाटेवर बसला होता. गळ्याभोवती मफलर, आवाज खरवडल्यासारखा. पुतणीला बघून म्हणाला, "आली का मेमसाहेब? भात खातेस ना अजून, का विसरलीस?"

"खाते, मोठाबा. आणि तुमचीच कथा विकून खाते."

"मग माझा हिस्सा काढ."

तिने त्याला फोनवर नाटकाचं चित्रण लावून दिलं. म्हाताऱ्याने फोन हातभर लांब धरला. पडद्यावर एस्तेर थाळीवर बोटं ओढत होती. "बोटांना काय लावलंस? तेल?"

"मेण घसरत नव्हतं तिकडे. थंडी फार."

"तेल! भजी तळायला बसलीस काय?" तो खाकरून हसला. मग थाळी घुमली, एस्तेरच्या आवाजाने उठाव घेतला, म्हाताऱ्याची मान आपोआप हलायला लागली. "बरं धरलंयस," तो पुटपुटला.

आणि मग फोनमधली एस्तेर म्हणाली, 'ऊठ जान्या, चल जान्या.'

फत्तेसिंगची मान थांबली. त्याने फोन खाटेवर उपडा ठेवला. आवाज गोधडीत दबून येत राहिला.

"बंद कर ते."

तिने बंद केलं.

"जान्याचं नाव कुठून घेतलंस?"

"कुठून म्हणजे? कथेतलाच ना जान्या? तो निघतो, डोंगर ओलांडतो…"

"कथेत जान्या नाही," फत्तेसिंग म्हणाला. "कथेत कोणीच नाही. जो गेला त्याचं नाव तिथं बसतं."

एस्तेरला आधी काहीच उमगलं नाही. मग आठवलं. ती दहा-अकरा वर्षांची असताना पाड्यातला एक माणूस बारडोलीकडे ऊसतोडीला गेला आणि ट्रॅक्टरखाली सापडला. त्याच्या दिवसाला ती भाताच्या पोत्यांमागे लपून बसली होती. कथा तिने पहिल्यांदा ऐकली ती तिथे, आणि नदी यायच्या आधीच तिला झोप लागली होती. तो माणूस सगळ्यांसाठी कौसाकाकीचा नवरा होता. त्याचं नाव तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं, पडलं ते कथेत. पुढे शिकवताना फत्तेसिंग नावाच्या जागी नुसता हुंकार भरायचा, कारण मढं नसताना तिथे नाव भरायचं नसतं. एस्तेरला वाटलं, म्हाताऱ्याला दम लागतो. तिने ती जागा लहानपणी ऐकलेल्या नावाने भरून टाकली.

"किती वेळा म्हटलंस?" त्याने विचारलं.

"मोठाबा, हिवाळाभर प्रयोग होते."

"आणि दर वेळी नदीपर्यंत आणून सोडलंस त्याला?"

फत्तेसिंगने मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. तिला वाटलं, आता हा ओरडेल. पण म्हातारा ओरडला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"मी त्याला एकदा पार केला होता," तो शेवटी म्हणाला. "पार केलेल्याला परत हाक मारली तर काय होतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. असं कोणी करतच नाही."

"मग आता?"

"आता शेवट म्हणून टाकायचा. त्याच्या घरी, त्याच्याच नावाने. पण कथेत मी विचारतो, कोण निघालंय? तिथं घरच्या माणसाने नाव सांगावं लागतं. कौसाने सांगितलं, तर म्हणू. तुलाही शेवट मिळेल, जान्याही सुटेल."

हे ऐकून तिला हायसं वाटलं. शेवट मिळणार, याचं. आपल्याला आधी त्याचं बरं वाटलं हे ध्यानात आलं, तेव्हा तिने मान खाली घातली.

दुपार उतरल्यावर दोघं कौसाबाईकडे गेली. पाड्याच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली तिचं कुडाचं घर. फत्तेसिंगच्या काखेत फडक्यात बांधलेली थाळी. कौसाबाई नागलीचं पीठ चाळत होती. तिने थाळी पाहिली आणि चाळण खाली ठेवली.

"कोण गेलं?"

"कोणी नाही," फत्तेसिंग म्हणाला. "ही योहानची पोरगी. हिच्या हातून एक गोष्ट झाली."

एस्तेरने सगळं सांगितलं. नाटक, थाळी, नाव. कौसाबाई शिव्या देईल, छाती पिटेल, अशी तिची तयारी होती. कौसाबाई ऐकत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला.

"म्हणजे तू बोलावतेस होय त्याला," ती म्हणाली. "मी म्हणतेच, एवढ्या वर्षांनी याला वाट कशी आठवली."

फत्तेसिंगने थाळी काखेतून काढून मांडीवर घेतली. "काय म्हणतेस, कौसा?"

"येतो ना तो. तुरीला फुलं आली तेव्हापासून."

तुरीला फुलं येतात दिवाळीच्या मागेपुढे. नाटकाचा पहिला प्रयोग त्याच सुमाराचा.

"रोज?" एस्तेरने विचारलं.

"रोज कुठलं? दोन-तीन दिवस येतो, मग खाडा. नाताळात तर अजिबात फिरकला नाही. मी म्हटलं, तुमच्या सणावर रुसला." ती हसली. "कोंबडं आरवायच्या खूप आधी येतो. सगळीकडे सामसूम असते."

नाताळात नाट्यगृह बंद होतं. तिकडे संध्याकाळी आठला खेळ सुरू होतो, तेव्हा इकडे मध्यरात्र उलटलेली असते. एस्तेरने हा हिशेब तोंडाने सांगितला नाही. डोक्यात मात्र तो आपोआप झाला. तिने अंगणाकडे पाहिलं. कुंपणाजवळ एक रिकामी साखळी पडली होती.

"काकी, कुत्रं होतं ना तुझं?"

"होतं. पहिल्याच खेपेला पळालं ते आलंच नाही."

"तो बोलतो काही?"

"नाही. आधी बोलायचा, जिवंतपणी. दारातूनच ओरडायचा, कौसा, पाणी! आता उभा असतो नुसता. पहिल्यांदा त्या नाल्यापाशी असायचा. मग कुंपणाशी. मग लाकडांच्या ढिगाजवळ." तिने बोटाने एकेक जागा दाखवली. प्रत्येक जागा आधीच्यापेक्षा घराच्या जवळ होती. "मागच्या खेपेला इथं, दारात. हात लांब केला असता तर लागला असता. भाकरी ठेवते मी. सकाळी नसते."

"कौसा," फत्तेसिंग हळूच म्हणाला, "मी आज शेवट म्हणतो. तू फक्त नाव सांग."

"नाही सांगणार."

"अगं…"

"दादा, तू एकदा नेलास त्याला. मी तेव्हा अडवलं नाही, माझ्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. आता नाही नेऊ द्यायची. कोण आहे मला दुसरं?" तिने चाळण पुन्हा उचलली. मग एस्तेरकडे वळून अगदी घरातल्या पोरीला विचारावं तसं विचारलं, "तुझं पुढचं नाटक कधी गं?"

दिलाराचा निरोप सकाळीच आला होता. दौऱ्यातल्या शहरांची नावं छापायला द्यायची आहेत, आज होकार कळव. नाव काढून टाकलं तर नाटक पोकळ होईल, हे तिला माहीत होतं. तिने करून बघितलं होतं. दुसरं कुठलंही नाव घेतलं की थाळी घुमायची, पण समोरची माणसं चुळबुळ करायची. जान्या म्हटलं की सगळ्यांचा श्वास अडायचा.

"अजून ठरलं नाही, काकी."

"ठरव की. आता तो आतच येईल. मी खाट काढून ठेवलीय."

फत्तेसिंग उठला. थाळी फडक्यात गुंडाळताना त्याच्या हातून गाठ बसेना. एस्तेरने बांधून दिली. अंगणाच्या कडेला येऊन तो थांबला आणि कौसाबाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "जान्या लंगडत होता. ऐन तारुण्यात पाय मोडला होता त्याचा. दाराशी यायला त्याला कुंपणाचा आधार घ्यावा लागायचा. ते कुंपण बघ. कुठं वाकलंय? कुठं एक काटकी मोडलीय?"

"म्हणजे काय, मोठाबा?"

"हाक आपण मारतो. येतं कोण, ते आपल्या हातात नाही. एवढंच मला माहीत आहे. पुढचं मलाही नाही." एवढं बोलून तो पायवाटेने निघाला, मागे न बघता.

एस्तेर तिथेच उभी राहिली. उन्हं डोंगरामागे गेली होती. मोहाखाली गळून पडलेली फुलं कोणी वेचली नव्हती. पाड्यावर या दिवसांत असं सहसा होत नाही. या घराकडे पोरंसोरं फिरकत नसावीत. दारात कौसाबाई पीठ चाळत होती, आणि तोंडाने बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होती. थाळीचाच सूर होता तो. खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. दिलाराला उत्तर हवं होतं.

एस्तेरने फोन काढला नाही. ती परत अंगणात आली, कौसाबाईच्या समोर उकिडवी बसली.

"काकी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"तो दारात उभा होता. हात लांब केला असता तर लागला असता, म्हणालीस. मग त्याचं तोंड पाहिलंस का तू?"