मी चालती चूल मोडली

१९७१ च्या हिवाळ्यात आमचं सेक्शन उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर होतं. बंकरमध्ये लाकडावर पेटणारी बुखारी, म्हणजे मोठी लोखंडी शेगडी. तिचा पाइप छतातून बाहेर काढलेला. रोज ०५०० ला राख काढायची, पाइप झाडायचा, वाळकी लाकडं रचायची. पाळ्या लान्स नायक किसन लावायचा. तो संगमनेरचा, मी कोल्हारचा. दोघंही प्रवरेचं पाणी प्यायलेले, त्यामुळे भांडणंही घरच्यासारखी व्हायची.

एका सकाळी पाळी माझी होती. "चहा पिऊन झाडतो," मी म्हणालो. बाहेर बर्फ पडत होतं. ०६२० ला सगळ्यांची डोकी जड झाली, एक जवान बसल्या जागी कलंडला. न झाडलेला पाइप बुजला होता, विषारी धूर आतच कोंडला होता.

"बाहेर पडा!" किसन ओरडला. एकेकाला त्यानं दाराबाहेर ढकललं. कलंडलेल्या जवानासाठी तो पुन्हा आत गेला. त्याला बाहेर लोटलं आणि स्वतः दारातच कोसळला.

शेजारच्या बंकरमधल्या वायरलेसवरून मी खालच्या तळाला गाठलं.

"लान्स नायक किसन बेशुद्ध. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"रस्ता बंद. दुपारनंतर. ओव्हर."

दुपारपर्यंत किसन राहिला नाही.

पुढच्या वर्षी सुटीवर घरी आलो, तर आई चुलीपुढं खोकून खोकून बेजार. धूर थांबला नाही तर म्हातारी पावसाळा काढणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी जाहीर केलं, ही चूल मोडून धुराड्याची बांधणार.

चुलते भडकले. "चालती चूल मोडत्यात व्हय? वाटण्या झाल्यावर मोडत्यात! अन् फौजी गडी चुलीम्होरं बसनार? लोक हसत्याल."

"हसू द्या, तात्या."

"आरं, धुरानं कुनी मेलंय का आजवर?"

"मेलंय. मी खांदा दिलाय. माझ्या आळसानं मेलाय त्यो."

 आईनं कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"पयला घाव मी घालते," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत चूल उभी केली. विटा, माती, वर रॉकेलचे डबे कापून केलेला पाइप. छप्पर उसाच्या पाचटाचं होतं, ते पेटू नये म्हणून पाइपभोवती पत्रा बसवला. दर सुटीत पाइप मीच झाडायचो, तेही पारावरून दिसेल असं छपरावर चढून. हसणारे हसले. आई त्यानंतर कित्येक पावसाळे भाकरी थापत होती.

पुढे संगमनेरला शहिदांच्या नावांचा दगड बसवला, त्यात किसनचं नाव नव्हतं. गोळी लागली नव्हती म्हणे! मला संताप आला. त्या दिवशी घरी येऊन धुराड्याच्या विटांच्या बुडाला नवा गिलावा दिला आणि ओल्या मातीत बोटानं लिहिलं: लान्स नायक किसन.

आईला अक्षरओळख नव्हती. पण रोज चूल सारवताना तेवढी जागा ती सोडून द्यायची.