तुळशीखालची तार

घरात वीज आली तेव्हा मी तिला घाबरले नाही. दिवा छताला होता, बटन दाराशी होतं आणि ओल्या हाताने दोन्हींना शिवायचं नाही एवढं मला समजत होतं. भीती सुरू झाली ती यांनी वीज टेबलावर आणायचं ठरवलं तेव्हापासून.

हे मलकापूरच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि शाळा सुटल्यावर घरच्या ओसरीत लोकांचे रेडिओ दुरुस्त करत. गावात रेडिओ मोजकेच, बहुतेक कापसाच्या व्यापाऱ्यांचे, बॅटरीवर चालणारे. दुरुस्त झालेला सेट चालवून बघायला टेबलावरही दोन बॅटऱ्या लागत. एक ॲसिडची, ती मोटार स्टँडवर पुन्हा भरून मिळे. दुसरी मोठी, कोरडी. ती संपली की फेकायची आणि नवी आणायची. जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि कोरडी बॅटरी मिळेनाशी झाली. तेव्हा यांनी मुंबईच्या एका दुकानाचं पत्रक मागवलं आणि त्यातला एलिमिनेटर पसंत केला. ही एक पत्र्याची पेटी. भिंतीतली वीज घ्यायची आणि कोरड्या बॅटरीच्या जागी सेटला द्यायची.

"बॅटरी कुठी ठेवली ते मले दिसते," मी म्हणाले. "हे वीज इंजिनघरातून येते. मंग जाते कुठी?"

"इंजिनघरातच वापस."

"अन् मधातच दुसरीकडं गेली तर?"

"कुठी जाईन? माहेरी?"

हे हसले. मला हसू आलं नाही. गावाला वीज देणाऱ्या त्या इंजिनघरात, कापसाच्या जिनिंग कारखान्यात, एक माणूस विजेला चिकटल्याचं मी ऐकलं होतं, आणि आमच्या ओसरीची जमीन शेणाने सारवलेली, कायम दमट. पेटी यायची होती तोवर मी रोज सकाळी टेबलाकडे बघत असे. बॅटऱ्या संपत आल्या होत्या, पण दिसायला गरीब होत्या.

रेडिओला एक तार जमिनीतही सोडावी लागते. माती जितकी ओली तितका आवाज स्वच्छ. आमच्या अंगणात बाराही महिने ओली राहणारी माती एकाच जागी होती, तुळशी वृंदावनात. सासूबाईंची परवानगी काढून यांनी दोन वर्षांपूर्वी तिथे तांब्याचा पत्रा पुरला होता आणि तिथून तार टेबलापर्यंत आणली होती. बॅटऱ्यांवर काम चाले तोवर त्या तारेने कोणाचं काही वाकडं केलं नाही. अंगणातल्या दोरीसारखी ती आम्हाला दिसायचीही बंद झाली होती.

पेटी आली. रविवारी सकाळी यांनी ती जोडली आणि मला दाराशी उभं केलं, म्हणजे मीच उभी राहिले, हात बटनावर ठेवून. मी बटन चालू केलं. रेडिओ बोलेना.

"बंद करू काय?"

"वीजच येऊन नाही राह्यली, तं बंद काय करतं?"

हे सेटमध्ये डोकं घालून बसले. बटन चालूच होतं. तेवढ्यात अंगणात तांब्या आपटला.

"माय वं! तुयस चावली मले!"

सासूबाई नुकत्या न्हालेल्या, अनवाणी, लुगड्याचा काठ ओला. तुळशीला पाणी घालता घालता झटकन मागे सरल्या होत्या.

"मुंगी असन, माय," हे ओसरीतूनच म्हणाले.

"मुंगी बोटाले चावते बे. हे खांद्यालोक गेलं." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "माह्यंच काही चुकलं असन."

आणि पाया पडायला त्या खाली वाकल्या.

ती तार मला तेव्हा दिसली, टेबलावरून निघून तुळशीखाली गेलेली. मी बटन बंद केलं आणि ओरडले, "आत्याबाई, हात नोका लावू!"

उशीर झाला होता. दोन्ही हात वृंदावनाला आणि कपाळ दगडावर टेकलं होतं. त्या हलेनात. बंद केलेल्या बटनाने तिथली वीज थांबली की नाही, मला माहीत नव्हतं. धावत जाऊन ओढावं, तर चिकटलेल्या माणसाला शिवू नये असं ऐकलेलं. हेही जागच्या जागी थिजले. मी दाराची चौकट धरून त्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिले.

"ओरडून काऊन राह्यली वं?" दगडातून आवाज आला. "पाया तं पडू दे."

मी उंबऱ्यावरच बसले.

प्लग उलटा बसला होता. आमच्या गावची वीज एकाच दिशेने वाहणारी. प्लग उलटा घातला की सेट मुका राहतो आणि वीज सेटच्या पत्र्यातून जमिनीच्या तारेत उतरते. रेडिओ गप्प, म्हणून वीज नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. यांनी मला हे प्लग उपसून हातात घेऊन सांगितलं. तरी यांचं पेटीवरून मन निघेना.

"प्लगले लाल खूण करतो. जमिनीची तार काढून टाकतो."

"खूण तुम्हाले दिसन. तुम्ही शाळेत असान अन् दुसऱ्या कोणी घातला, तर?"

"बॅटरी मिळत नाही. लोकांचे सेट पडून राहतीन."

"पडू द्या."

पेटी परत गेली. तार आणि पत्रा मी स्वतः उकरून काढले. नागपूरहून एक वापरलेली कोरडी बॅटरी मिळेपर्यंत ओसरीत रेडिओंची रांग लागली आणि व्यापारी दारात येऊन यांना टोमणे मारून गेले. बॅटरी आली तीही अर्ध्या जिवाची. सेट तिच्यावर खोल विहिरीतून बोलल्यासारखे बोलत. ॲसिडने माझ्या लुगड्यांना भोकं पाडली, ती मी शिवली.

सासूबाई मात्र तुळशीच्या जवळ जाईनात. तारेचं सगळं मी त्यांना दोनदा समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं. पाणी मीच घालू लागले. आधी उलट्या हाताने माती शिवायची, म्हणजे झटका बसलाच तर मूठ तिच्यावर आवळत नाही. हे यांनी शिकवलं होतं. मातीखाली आता काही नव्हतं, मीच काढलं होतं. तरी रोज हात पुढे करण्याआधी मी तो पदराला कोरडा पुसत असे.

सासूबाई मागे उभ्या राहत, तांब्या धरून.

"चावते काय?"

"नाही, आत्याबाई."

"मंग टाक पाणी."