रंजनाचे आठ तास

खोली बघायला येणारा माणूस आधी नळ सोडून बघतो. पाणी किती वेळ येतं, संडास आत की बाहेर, गाडी कुठं लावायची, एवढेच त्याचे प्रश्न. शिक्रापुरात मी इतकी वर्षं खोल्या भाड्याने देतेय, कंपन्यांमध्ये लागलेली किती माणसं आली नि गेली, कुणी वेगळं विचारलं नाही. रंजनाने नळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खोलीत आली, भिंतीच्या कडेकडेने फिरली आणि म्हणाली, "मावशी, या खोलीला प्लग किती आहेत?"

"दोन हायेत. का गं, गिरणी टाकायची का काय?"

"गिरणी नाही. पण आवाज साधारण तेवढाच येईल," ती हसत म्हणाली. "चालेल ना?"

मला तेवढं पुरे झालं. आता खोटं कशाला सांगू, मला चौकशा फार. आमची सून वैशाली म्हणते, "आत्यांच्या हातात बंद पाकीट दिलं, तर नुसतं उन्हात धरून आतलं वाचतील." म्हणू दे. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं मी विचारून विचारूनच शिकले.

रंजना दौंडची. वय चाळिशीच्या आसपास. वडील रेल्वेत सिग्नलच्या कामाला होते, नवराही रेल्वेतच, मुलगी बारावीला. ती इथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायची. पाच दिवस माझ्याकडे, शनिवारी दुपारी दौंडला, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून तिचं सामान उतरलं, तर कपड्यांची एक बॅग, एक स्टोव्ह आणि चार चपट्या लोखंडी पेट्या. त्या एका मांडणीत एकावर एक बसवल्या, निळ्या-पिवळ्या वायरी खोचल्या, बटण दाबलं, आणि आमच्या घरात पंखे लावलेलं मधमाश्यांचं पोळंच आल्यासारखं झालं.

"हे काय करतं गं?"

"मावशी, दौंडला गाडी आली की ती सोलापूरला सोडायची की मनमाडला, ते कोण ठरवतं?"

"आता मला काय ठावं? स्टेशनमास्तर?"

"तेच समजा. तुम्ही फोनवरून पाठवलेला फोटो अशाच एकेक स्टेशनातून जातो. प्रत्येक ठिकाणी अशी एक पेटी बसलेली असते, ती सांगते, तू इकडं जा, तू तिकडं जा. हिला राउटर म्हणतात. मला ही स्टेशनं उभी करायची परीक्षा द्यायची आहे."

परीक्षा म्हणजे साधीसुधी नव्हे. आधी लेखी, ती रंजना पास झालेली. मग बंगळूरला जाऊन सलग आठ तास बसायचं. समोर भलंमोठं नेटवर्क. निम्मं उभं करायचं, निम्म्यात त्यांनी मुद्दाम बिघाड करून ठेवलेले असतात, ते शोधायचे. मोठमोठे इंजिनिअर तिथून तोंड पाडून परत येतात म्हणे. रंजनाकडे तर डिग्रीही नव्हती. कंपनीत ती टायपिंगच्या टेबलावर लागली आणि बघत बघत वर आली होती. पण नवीन आलेला कुणीही पोरगा तिला "मॅडम, तुम्ही राहू द्या, मी बघतो" म्हणायचा. ते तिला फार लागायचं. "ही एक परीक्षा अशी आहे मावशी, की ती पास झालं की डिग्रीचं कुणी विचारत नाही."

दोनदा ती नापास झाली होती. तिसऱ्या वेळेचं नवऱ्याशी बोलून ठरलं होतं, ही शेवटची. नाही झालं तर नोकरी सोडून दौंडला यायचं, घराजवळच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. नवरा वाईट नव्हता हो. पण दर आठवड्याला एकटाच पोळ्या लाटणारा माणूस किती दिवस हसणार? फोनवर म्हणायचा, "आमच्या घरात दोन ड्युट्या, एक माझी आणि एक हिच्या पेट्यांची." मुलगी तर विचारायची, "आई, बारावी आधी माझी सुटेल की तुझी?"

मग शेवटच्या सहा महिन्यांत रंजनाने रविवारचं दौंडही बंद केलं. रविवारी बरोबर नऊला ती खुर्चीत बसायची, दारातून मला सांगायची, "मावशी, गाडी सुटली," आणि संध्याकाळी पाचपर्यंत बोलणं बंद. घराला आग लागली तरी हाक मारायची नाही, असा तिचा दंडक.

तिची एक बोलायची रीत होती, ती वडिलांकडून आलेली. ते म्हणायचे म्हणे, सिग्नल पडला नाही तर सगळी तार उकरत बसायचं नाही. कुठपर्यंत चांगली आहे ते बघत जायचं. जिथं चांगलं संपतं, तिथंच बिघाड. रंजना हे सगळ्याला लावायची. माझा गुडघा दुखला की, "कुठपर्यंत चांगला असतो? जिना चढताना की उतरताना?" पाबळची माझी धाकटी बहीण माझ्याशी बोलत नव्हती, ते मी एकदा रडत सांगितलं. ही भाजी निवडत म्हणाली, "कुठपर्यंत चांगलं होतं?"

"दिवाळीपर्यंत बोलत व्हती की."

"दिवाळीत काय झालं?"

"काय न्हाई. फराळाचं घेऊन आली व्हती. मी म्हणलं, चिवडा मऊ पडलाय जरा."

रंजनाने भाजीची परात बाजूला सारून माझा फोन माझ्यापुढे ठेवला. मी त्याच दिवशी पाबळला फोन लावला.

रविवारच्या कामात मी कशी शिरले, ते सांगते. बिघाड शोधायचा सराव करायचा, तर बिघाड कुणीतरी दुसऱ्याने करायला हवा. स्वतः केलेला स्वतःला माहीत असतो. पहिल्यांदा ती म्हणाली, "मावशी, मी अंगणात जाते. कुठलीही एक वायर काढा, नाहीतर अदलाबदल करा." मी केली. तिने तीन मिनिटांत शोधली. मग कंपनीतल्या एका सहकाऱ्याने तिला डबाभर बंद चिठ्ठ्या करून दिल्या. प्रत्येक चिठ्ठीत इंग्रजीच्या दोन-तीन ओळी. त्या मी अक्षर बघून, बोटाने शोधून तिच्या लॅपटॉपवर टाइप करायच्या, की पेट्यांत बिघाड तयार. खाली मराठीत तक्रार लिहिलेली असायची, ती तिला वाचून दाखवायची. मला नुसतं वाचणं जमेना. मी कंबरेवर हात ठेवून सुरू व्हायची, "अहो मॅडम, सकाळधरनं आमच्या हापिसात एक पान उघडंना! पगार कशाचा घेता वो तुम्ही?"

"बघते मॅडम," ती गंभीर तोंडाने म्हणायची.

"बघते न्हाई, आत्ता करा! साहेब आलेत!"

वैशाली दारात उभी राहून म्हणायची, "आत्या, तुम्हीच देऊन या परीक्षा. वरडायचे मार्क तरी मिळतील."

परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि रंजना आजारी पडली. त्या रविवारी तिचे डोळे लाल, अंग तापलेलं. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, "आणि परीक्षेच्या दिवशीच ताप आला तर?" आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

मी चिठ्ठी उघडली, चष्मा लावला. खिडकीतून बघितलं, तर ती ओट्याला टेकून डोळे मिटून उभी. माझा जीवच झाला नाही. मी चिठ्ठी तशीच डब्यात परत ठेवली. एक अक्षर टाइप केलं नाही. म्हटलं, बघेल, सगळं चालतंय म्हणून तासाभरात उठेल, अंग टाकेल. तक्रार मात्र झोकात केली. आमच्या दुसऱ्या हापिसात काहीच पोचत न्हाई, असं ओरडले.

तास गेला, दोन गेले. ती उठेना. बाराला मी पेज घेऊन गेले, "रंजना, अगं..." म्हटलं, तर तिने मागे न बघता हात वर केला. दंडक. मी पेज ठेवून परत आले. दोनदा दारापर्यंत जाऊन आले. चार वाजले नि पेट्यांवरचे हिरवे दिवे एकेक करून विझायला लागले. तेव्हा तीच म्हणाली, "गेलं. सगळंच गेलं."

मग मात्र मला राहवलं नाही. "रंजना, म्या चिठ्ठीतलं काही टाकलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"बिघाड केलाच न्हाई गं. तुझा ताप बघवंना."

"मग ती तक्रार?"

"खोटी."

मग उठून तिने एकेक बटण बंद केलं. "मावशी, माझ्याकडे तीनच रविवार होते. त्यातला एक तुम्ही घेतलात." एवढंच. आवाज चढवला नाही. बॅग घेतली नि एसटीने दौंडला गेली. घर एवढं गप्प झालं की मला माझ्याच भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. वैशालीनेसुद्धा त्या दिवशी टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

मंगळवारी संध्याकाळी रंजना थेट माझ्या स्वयंपाकघरात आली, पाटावर बसली. हातात दोन कागद. आधीच्या दोन परीक्षांचे निकाल.

"मावशी, हे बघा. दोन्ही वेळेला माझे मार्क ज्या भागात गेले ना, तो भाग मी सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगला केला होता. मी म्हणत होते, तपासणाऱ्यांचीच चूक. परवा एसटीत कळलं. शेवटच्या तासाला वेळ उरला की मी परत तिथंच जाते. मला वाटतं, हे इतकं सहज कसं झालं असेल? काहीतरी राहिलं असणार. आणि नीट असलेलं मीच उसवते. रविवारी उसवलं तसंच."

"आगं पण का?"

तिने कागदाची घडी घातली. "डिग्री नसलेल्या माणसाचं पहिल्या फटक्यात बरोबर येतं, यावर माझाच विश्वास नाही, मावशी. त्या पोरांना मी उगाच नावं ठेवते."

माझंही तेच. आमच्या बचत गटाच्या बैठकीचं मी लिहिते, ते सुद्धा चारदा खोडते. बाकीच्या बायका शिकलेल्या, आपलं कसं बरोबर असेल, असं वाटतं. मी तिच्यापुढे भाकरी ठेवली. ती जेवता जेवता म्हणाली, "आता राहिलेल्या दोन रविवारी असंच करा. कधी चिठ्ठी टाका, कधी नका टाकू. मला कळू देऊ नका."

आणि तेच तिला सगळ्यात जड गेलं. खरा बिघाड ती सशासारखा पकडायची. पण काहीच नसलं, की सगळं तपासून झाल्यावर कागदावर 'इथे बिघाड नाही' एवढं लिहून गप्प बसायचं. पहिल्या रविवारी तिचा हात तीनदा कीबोर्डकडे गेला. दुसऱ्या रविवारी ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती, शाळेत शिक्षा केलेल्या पोरीसारखी. मी दारातून बघत होते. पाच वाजले, तेव्हा तिच्या हातांवर खुर्चीच्या विणीचे वळ उठले होते.

आता रंजना माझ्याकडे राहत नाही. नवऱ्याची बदली झाली, मुलगी इंजिनिअरिंगला गेली, बिऱ्हाड पुण्याला हललं. पेट्या तिने कंपनीतल्या त्या सहकाऱ्याला दिल्या. खोलीत सध्या बिहारची दोन मुलं राहतात, त्यांनी पहिल्याच दिवशी नळ सोडून बघितला. रंजनाचा फोन येतो. पण कुणी तिचं विचारलं की मला एकच दिवस आठवतो, ती बंगळूरहून आली तो.

गाडी दौंडला थांबते. घर तिथून चालत दहा मिनिटं. पण ती घरी न जाता स्टँडवर आली आणि न्हावरा गावावरून शिक्रापूरला येणारी एसटी धरून थेट माझ्या ओट्यावर येऊन बसली. बॅग खांद्यालाच.

"घरी न्हाई गेलीस?"

"निकालाचा मेल आलाय. गाडीतच आला. घरी उघडला असता तर आधी यांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. इथं उघडते."

"शेवटच्या तासाला काय केलंस?"

"पाऊण तास उरला होता. बसून राहिले."

तिने मोबाइल काढला. बोटाने काहीतरी केलं, वाचलं. मग मोबाइल पालथा मांडीवर ठेवला आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे बघत राहिली. तोंडावरून काही म्हणजे काही कळेना. वैशाली दारात आली, मला डोळ्यांनी खुणावू लागली, विचारा की. माझ्या जिभेवर आलं होतं हो. एवढ्या वर्षांत मी न विचारता राहिलेय असं एकदाही झालं नसेल. पण मी आत गेले, चहा टाकला, आलं किसलं, दूध उतू जाऊ दिलं नाही, आणि कप आणून तिच्या शेजारी ठेवला. तिने अर्धा चहा संपवला.

"झाली, मावशी."

वैशालीने मागून अशी काही किंकाळी मारली की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी रंजनाच्या डोक्यावरून हात फिरवला. ती रडली नाही. तिने दौंडला फोन लावला. नवरा ड्युटीवर असावा, मागे गाडीचा मोठा आवाज येत होता, म्हणून तोही मोठ्याने बोलत होता, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"अहो, पास झाले."

"काय सांगतेस! खरंच? आधी परत एकदा नीट वाच. घाईत काहीतरी बघितलं असशील."

रंजनाने पालथ्या हाताने तोंड पुसलं.

"नाही, परत नाही बघणार," ती म्हणाली. "एकदा बघितलंय. बरोबर आहे."